धावण्याच्या शर्यती आणि आपण स्त्रिया

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत भजनाचे वृत्त, हळदीकुंकवाचा अहवाल आणि दोन-चार पाककृती यांच्या शेजारी धावण्याच्या शर्यतींवरील लेख पाहून काही भगिनींना नवल वाटेल. धावणे हा शाळकरी मुलांचा, फार तर पोलीसभरतीची तयारी करणाऱ्या तरुणांचा विषय. त्याच्याशी आपला काय संबंध, असेही कोणी म्हणेल. परंतु क्षणभर असा विचार करून पाहावा. चाळिशीची एखादी बाई रस्त्याने पळत जाताना दिसली, तर आपण पहिला प्रश्न कोणता विचारू? "काय ग बाई, कोणाचं काय बिघडलं?" हाच. बाईने पळावयाचे ते संकट आले म्हणून, गाडी चुकते म्हणून, नाही तर दूध उतू जाते म्हणून. केवळ आनंदासाठी, अंगात बळ आहे म्हणून ती धावू शकते, हे आपल्या मनातच येत नाही. ही समजूत कशी रुजली आणि ती कोणी कोणी मोडीत काढली, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. तो थोडक्यात सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

प्रथम, आजकाल ज्या शर्यतींविषयी वर्तमानपत्रांत वाचावयास मिळते त्यांचे स्वरूप सांगितले पाहिजे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत महाराष्ट्रातील अनेक गावी धावणाऱ्यांची मंडळे निघाली आहेत. आपले मंडळ जसे वर्गणीवर आणि चार जणींच्या उत्साहावर चालते, तशीच यांतील बहुतेक चालतात. साताऱ्याच्या मंडळींनी २०१२ साली यवतेश्वरच्या घाटातून अर्ध्या मॅरेथॉनची शर्यत सुरू केली आणि तिचे नाव देशभर झाले. अशी मंडळे वर्षातून एकदा शनिवार-रविवार साधून शर्यतींचा मेळावाच भरवितात. एके दिवशी लहान मुलांच्या एक-दोन किलोमीटरच्या धावा. दुसऱ्या दिवशी पहाटे मोठ्यांच्या पाच, दहा आणि एकवीस किलोमीटरच्या. काही ठिकाणी पुरी मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. विशेष म्हणजे बक्षिसांसाठी वयाचे गट पाडलेले असतात. तिशीच्या तरुणीशी साठीच्या आजीला झुंजावे लागत नाही. आजीची शर्यत आजीच्या बरोबरीच्या बायकांशी, आणि त्याहूनही अधिक, स्वतःच्याच मागच्या वर्षीच्या वेळेशी असते.

ही कल्पना आपल्याला वाटते तितकी परकी नाही. आषाढीपूर्वी शेगावच्या श्रीगजानन महाराजांची पालखी आपल्या शिरपुरावरून पंढरीकडे जाते. तिच्या स्वागताला दारापुढे सडा-रांगोळी घालणाऱ्या आपण सर्वजणी आहोत. पंढरीच्या वाटेवर ज्ञानोबांच्या आणि तुकोबांच्या पालखी सोहळ्यात रिंगण होते. त्या रिंगणात अश्व धावतो हे सर्वांना ठाऊक असते. परंतु अश्वाच्या आधी कोण कोण धावतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पताकाधारी धावतात, मृदंगवादक धावतात, वीणेकरी धावतात, आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायाही धावतात. त्यांत साठीच्या आहेत, सत्तरीच्याही आहेत. पायात वहाण असो-नसो, लुगड्याचा काचा मारून, एका हाताने तुळस सावरीत त्या मैदानाची फेरी पुरी करतात. पुढे वेळापूरच्या टेकडीवरून पंढरपूर जवळ आल्याच्या आनंदाने सारे वारकरी धाव घेतात, तिला तर 'धावा' असेच नाव आहे. तेथे कोणीही आजीबाईला "तुमचं हे वय आहे का पळायचं?" असे विचारीत नाही. लहान-थोर, स्त्री-पुरुष एकाच मैदानात धावण्याची रीत म्हणजे आपल्याकडे आजची नवलाई नव्हे. देवाच्या वाटेवर जे आपण सहज मान्य केले, ते गावच्या वाटेवर मान्य करावयास मात्र आपल्याला फार दिवस लागले.

वारीच्या धावेला घड्याळ नसते व बक्षीसही नसते. अंतर मोजून आणि वेळ लावून धावण्याची पद्धत आपल्याकडे ब्रिटिश अमदानीत शाळा, पलटणी आणि जिमखाने यांच्याबरोबर आली. या पद्धतीच्या आपल्या देशातील इतिहासात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे स्थान फार महत्त्वाचे आहे. १९०६ साली निघालेली ही संस्था. तिचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांच्याकडे होते. या जिमखान्याच्या मैदानी शर्यतींत खेड्यापाड्यांतून आलेले शेतकरी अनवाणी धावत. त्यांना धावण्याचे शास्त्र कोणी शिकविले नव्हते. तरीसुद्धा लांब पल्ल्याच्या शर्यतीत त्यांनी दिलेल्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांच्या जवळपास जातात, असे टाटांच्या लक्षात आले.

त्या काळी आपल्याकडे या विषयाची माहिती किती थोडी होती, याची एक गंमतीची हकीकत टाटांनीच पुढे एका पत्रात नमूद केली आहे. शंभर यार्ड धावण्यास ऑलिंपिकमध्ये किती वेळ लागतो, असे त्यांनी समितीच्या एका प्रमुख सभासदास विचारले. "एक ते दोन मिनिटे लागत असतील," असे उत्तर आले! हा प्रश्न मिनिटांचा नसून सेकंदांचा आणि सेकंदाच्या दशांशांचा आहे, असे सांगितल्यावर ते गृहस्थ थक्क झाले. अशा अजाणतेपणातून आरंभ झाला, पण आरंभ झाला हे महत्त्वाचे. टाटांच्या खटपटीने १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांसाठी आपल्या देशातून चार धावपटू आणि दोन पहिलवान असा लहानसा संघ गेला. त्यातील बेळगावकडील फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन शर्यत २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. एका स्थानिक संस्थेच्या शर्यतींत पळणारा साधा मनुष्य जगाच्या मैदानात पोहोचला. गावातील लहानशा शर्यतीला कोणी क्षुल्लक समजू नये, हा त्यातील धडा.

आपल्या वऱ्हाडानेही या कामी मागे राहणे पत्करले नाही. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी, म्हणजे अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी या मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. व्यायामाची आवड विदर्भातील घराघरांत नेण्यात या संस्थेचा वाटा फार मोठा आहे.

हे सर्व अभिमानास्पद खरेच. परंतु अँटवर्पला गेलेल्या त्या संघात एकही स्त्री नव्हती. यात केवळ आपल्या देशाला दोष देण्याचे कारण नाही. साऱ्या जगाची तीच तऱ्हा होती. १८९६ साली अथेन्स येथे आधुनिक ऑलिंपिक सामने प्रथम भरले, तेव्हा स्टमाटा रेविथी नावाची एक गरीब ग्रीक बाई मॅरेथॉन धावावयाची म्हणून आली. तिला नकार मिळाला. पुरुषांची शर्यत झाल्यावर दुसऱ्या दिवशी ती एकटीच तेवढे अंतर धावली. सुमारे साडेपाच तास तिला लागले. तिच्यासाठी टाळ्या वाजविण्यास मैदानात कोणी नव्हते. कडेवर मूल असलेली ती बाई पुढे कोठे गेली, याची इतिहासाने विचारपूसही केली नाही.

१९२८ साली ॲमस्टरडॅम येथे स्त्रियांना धावण्याच्या शर्यतींत प्रथम प्रवेश मिळाला. त्यात आठशे मीटरची एक शर्यत होती. जर्मनीची लीना राड्के ती जिंकली आणि धावलेल्या नऊच्या नऊ जणींनी शर्यत पुरी केली. शर्यत संपल्यावर काही जणी दमून खाली बसल्या, इतकेच. दमलेला पुरुष खाली बसला तर त्यास आपण पराक्रम म्हणतो. पण वर्तमानपत्रांनी या बायकांविषयी असे भयंकर वर्णन छापले की, जणू त्या मरणाच्या दारातून परतल्या. एवढे निमित्त पुरले. स्त्रीच्या शरीराला लांब धावणे झेपत नाही, त्याने मातृत्वास बाध येतो, असे मोठमोठे लोक बोलू लागले आणि आठशे मीटरची शर्यत स्त्रियांसाठी बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हावयास १९६० साल उजाडावे लागले. बत्तीस वर्षे! एका खोट्या बातमीपायी किती मुलींच्या उमेदीची वर्षे वाया गेली, याचा हिशेब कोण करणार?

अमेरिकेत बोस्टन येथे दरवर्षी मोठी मॅरेथॉन होते. १९६६ साली बॉबी गिब ही तरुणी झुडपाआड लपून राहिली आणि शर्यत सुरू होताच धावकांत मिसळली. पुढच्या वर्षी कॅथरिन स्वित्झर हिने रीतसर क्रमांक घेऊन धाव घेतली, तेव्हा शर्यतीच्या एका अधिकाऱ्याने वाटेत धावत येऊन तिच्या अंगावरचा क्रमांक ओढून काढण्याचा प्रयत्न केला. ती थांबली नाही. शर्यत पुरी करूनच घरी गेली. १९७२ साली बोस्टनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला आणि १९८४ साली लॉस एंजेलिस येथे स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये प्रथमच झाली. म्हणजे पुरुषांना जे १८९६ साली मिळाले, ते स्त्रियांना मिळावयास अठ्ठ्याऐंशी वर्षे लागली.

आता आपल्या देशाकडे वळू. १९५२ साली हेलसिंकी येथे भारताच्या स्त्रिया ऑलिंपिकमध्ये प्रथमच धावल्या. त्यांपैकी एक मुंबईच्या वांद्र्याच्या मेरी डिसूझा आणि दुसऱ्या नीलिमा घोष. मेरी डिसूझा यांच्या प्रवासखर्चासाठी मित्रमंडळींनी करमणुकीचे कार्यक्रम करून निधी जमविला होता, ही गोष्ट आपल्यासारख्या वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळांनी विशेष लक्षात ठेवावी. शेजाऱ्यांच्या पैशावर एक मुलगी फिनलंडपर्यंत गेली. १९८४ साली केरळच्या पी. टी. उषा यांचे पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले आणि तेव्हापासून आपल्या देशात घरोघरी जोरात पळणाऱ्या मुलीला "उषा" म्हणू लागले.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील मुलींनी पुढे हे काम हाती घेतले. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यातील कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत दहा हजार मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक आणि त्याच वर्षी चीनमधील आशियाई सामन्यांत रौप्यपदक मिळविले. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. आपल्या शेजारच्या परभणीच्या ज्योती गवते यांनी २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत पहिला क्रमांक मिळविला. यांतील कोणीही धनिकांच्या घरची नाही. त्यांच्या गावांत आणि आपल्या गावात पाणी, रस्ता आणि शेती यांच्या अडचणी थोड्याफार सारख्याच.

परंतु भगिनींनो, पदके मिळविणाऱ्या मुली सांगून मी थांबले, तर मूळ मुद्दा राहून जाईल. पदक हजारांत एकीला मिळते. उरलेल्या नऊशे नव्व्याण्णव जणींचे काय? सर्व वयांच्या शर्यतींचे महत्त्व येथेच आहे. वयाचे गट पाडून प्रौढांच्या जागतिक शर्यती १९७५ साली कॅनडातील टोरांटो येथे प्रथम भरल्या. आपल्याकडे पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली आणि मुंबईची २००४ साली सुरू झाली. मुंबईच्या शर्यतीत ज्येष्ठ नागरिकांसाठी आणि दिव्यांगांसाठी निराळ्या धावा ठेवण्यात आल्या; हौशी मंडळींसाठी थोड्या अंतराचीही धाव ठेवण्यात आली. नामांकित धावपटूंच्या बरोबरीने त्याच रस्त्यावर आजोबा-आजी धावू लागली. चंदीगडच्या मान कौर यांनी तर त्र्याण्णवाव्या वर्षी धावावयास सुरुवात केली आणि २०१७ साली न्यूझीलंडमध्ये वयाच्या एकशे एकाव्या वर्षी शंभर मीटर अंतर चौऱ्याहत्तर सेकंदांत पुरे केले. २०२१ साली त्या निवर्तल्या. त्यांची हकीकत वाचल्यावर "आता माझं काय वय राहिलं!" असे पन्नाशीत म्हणणे थोडे अवघड होते.

आणि आपल्या अगदी मनाजवळची हकीकत म्हणजे बारामतीकडच्या लता करे यांची. मोलमजुरी करून संसार चालविणारी ही साठी उलटलेली बाई. नवऱ्याच्या आजाराच्या तपासण्यांना पैसे हवेत म्हणून २०१४ च्या सुमारास त्या बारामतीच्या मॅरेथॉनमधील ज्येष्ठांच्या तीन किलोमीटर शर्यतीत उतरल्या. अंगावर नऊवारी लुगडे, पाय अनवाणी. त्या पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर मराठी चित्रपटही निघाला आणि त्याची राष्ट्रीय पुरस्कारांत दखल घेतली गेली. ही कथा ऐकून आपले डोळे भरून येतात, ते योग्यच आहे. पण तिच्यात दुसराही एक अर्थ आहे. ते तीन किलोमीटर धावण्याचे बळ त्या एका दिवसात आलेले नव्हते. शेतातल्या, पाणवठ्यावरच्या, ओझ्याखालच्या आयुष्यभराच्या चालण्याने ते साठत आले होते. असे बळ आपल्यातील कितीतरी जणींच्या अंगी आहे. त्या शर्यतीत ज्येष्ठांचा गट होता, म्हणून ते जगाला दिसले. गट नसता तर लताबाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहून इतरांची धाव पाहत राहिल्या असत्या.

दमछाक होईपर्यंत घरकाम करतो, निराळा व्यायाम कशाला, ही आपली नेहमीची तक्रार. तिच्यात तथ्य आहे. शेतमजुरी करणाऱ्या बाईला व्यायामाचा उपदेश करणे बरे नव्हे. परंतु आता नळ दारात आला, पीठ गिरणीतून येते, शाळेपर्यंत वाहन जाते. अंगमेहनत पुष्कळ घरांत कमी झाली आणि त्याबरोबर मधुमेह व रक्तदाब शिरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली असे सांगितले की, प्रौढ माणसाने आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि मुलांनी रोज सरासरी एक तास. दीडशे मिनिटे म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. भरभर चालणेही त्यात धरले जाते. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे ठिसूळ होत जातात, त्यालाही अंगाचा भार पायांवर घेऊन केलेल्या व्यायामाने आळा बसतो. रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघ्याचा त्रास असणाऱ्या भगिनींनी मात्र डॉक्टरांना विचारूनच पाऊल उचलावे.

अशा शर्यती आपल्या गावी भरविणे फार खर्चाचे आहे असे नाही. अंतर मोजावयास सायकल पुरते. चाकाचा घेर दोन मीटर भरला, तर पाचशे फेऱ्यांत एक किलोमीटर होतो. मोठ्या शर्यतींचे मार्गही नीट पारखलेल्या सायकलीनेच मोजतात. एक शिट्टी, एक घड्याळ, कागदावर लिहिलेले क्रमांक, ठिकठिकाणी पाण्याचे माठ आणि वाहने थोडा वेळ थांबविण्यासाठी ग्रामपंचायतीची व पोलिसांची मदत, एवढी सामग्री हवी. आपल्याकडील उन्हाळा पाहता कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम. श्रीअंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला दूरदूरचे यात्रेकरू आपल्या गावी येतात. त्यांचे स्वागत करण्याची सवय असलेल्या गावाला दोन दिवसांच्या शर्यतींची व्यवस्था जड जाऊ नये.

वेळेचा विचार मात्र आपण स्वतः करावा, तो दुसऱ्यावर सोपवू नये. मोठ्या शर्यती पहाटे ठेवतात, कारण तेव्हा हवा गार असते. पण पहाटेची वेळ बाईच्या हाती नसते. पाणी, चहा, डबे यांत ती वाटली जाते. तेव्हा एक तर बायकांची धाव हिवाळ्यात सायंकाळी चार वाजता ठेवावी, नाही तर त्या एका पहाटेचा चहा घरच्या पुरुषांनी करावा. दुसरा मार्ग अधिक चांगला, असे मला वाटते. पोशाखाचाही बाऊ करू नये. साडीत, सलवारीत, ज्यात पाय मोकळा पडेल त्यात धावावे. चालत अंतर पुरे केले तरी तिचे नाव पुकारावे. आणि पाहावयास येणाऱ्यांनी हसू नये. सर्वांत मोठी अडचण ना पैशाची, ना वेळेची. ती या हसण्याची आहे.

आपल्या मुली सातवी-आठवीपर्यंत आट्यापाट्या, खो-खो, लंगडी खेळतात, वाऱ्यासारख्या पळतात. मग एके दिवशी घरातूनच सांगण्यात येते, "आता मोठी झालीस, पळू नकोस." ते वाक्य बोलणारी बहुतेक वेळा आपल्यापैकीच कोणी असते. मेरी डिसूझा यांच्या शेजाऱ्यांनी ते वाक्य उच्चारले नाही, म्हणून त्या हेलसिंकीस पोहोचल्या. आपली मुलगी कोठे पोहोचेल हे सांगता येत नाही, पण तिला थांबविणारे वाक्य आपण यंदापासून बंद करू शकतो. आणि पुढल्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमपत्रिकेत संगीतखुर्ची आणि लिंबूचमचा यांच्या जोडीला 'एक किलोमीटर धाव, सर्व वयांच्या स्त्रियांसाठी' अशी एक ओळ घालावी, अशी मंडळाच्या कार्यकारिणीस नम्र सूचना आहे.